काझा ते मनाली: शेवटचा दिवस आणि चार वाजताचा नाला

प्रकरण थोडक्यात असं. जूनचा शेवटचा आठवडा, तीन गाड्या, सात माणसं, सगळे पुण्याचे. किन्नौरमार्गे स्पितीत शिरून काझापर्यंत मजल मारलेली. शेवटच्या दिवशी कुंझुमचा घाट ओलांडायचा, बातल, छत्रू, ग्रांफू करत अटल बोगद्यातून मनाली गाठायची, आणि सातांपैकी दोघांनी तिथून रातोरात चंडीगडला जाऊन सकाळचं विमान पकडायचं. प्रत्यक्षात छत्रूच्या अलीकडे एका नाल्यात मधली गाडी अडकली, दीड तासाने निघाली, मुक्काम छत्रूत पडला आणि विमान गेलं. कुणाला खरचटलं नाही. गाडीही स्वतःच्या चाकांवर घरी आली.

तरी हे लिहून ठेवावंसं वाटलं. नाला कसा पार करायचा यावर आपल्याकडे तासन्‌तास गप्पा रंगतात. किती वाजता पार करायचा हे कुणी विचारत नाही. माझं मत असं, की त्या गाडीचं अडकणं सकाळी काझातच ठरून गेलं होतं. पुढे बातलला ते टाळायची एक चांगली संधी आली होती, ती भिडेपोटी घालवली.

गाड्या

लीडला, म्हणजे सगळ्यांच्या पुढे, फोर बाय फोर डिझेल जीप, गटातला सगळ्यात मुरलेला गडी चाकावर, शेजारी डॉक्टर. शेवटी जिम्नी, म्हणजे छोटी, हलकी फोर बाय फोर, तिचा मालक चालवत होता आणि मी शेजारी नकाशा आणि वॉकीटॉकी सांभाळत होतो. मधली गाडी दिसायला एसयूव्ही, पण ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. तिचा मालक या नादाला नवीन लागलेला. त्याच्या गाडीत विमानवाले दोघं आणि त्यांच्या बॅगा.

‘टू व्हील ड्राइव्ह आणायलाच नको होती’ असा सूर नंतर निघाला. मला तो पटत नाही. त्या रस्त्याने टेम्पो ट्रॅव्हलर जातात, हिमाचल परिवहनची बस जाते. मात्र एक गोष्ट शेवटच्या दिवशी बदलली होती आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही. बॅगा एकत्र असाव्यात म्हणून दोघांचं सगळं सामान या गाडीच्या डिकीत गेलं होतं, शिवाय तिघं माणसं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं मागचं अंग असं जड झालं, की नाल्यातून वर चढताना नाक उचललं जातं आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी पडतात.

रस्ता आणि पाणी

काझा ते मनाली अंतर सुमारे २०० किलोमीटर. हा आकडाच फसवा आहे. काझा ते लोसर बरा रस्ता. लोसरला पोलीस चौकीवर नोंद होते. मग सुमारे ४,५५० मीटरवरचा कुंझुम. इकडे स्पिती नदी, जी पुढे सतलजला मिळते. पलीकडे चंद्रा, जी तांदीला भागेला भेटून चंद्रभागा होते. कुंझुम उतरलं की बातल, आणि बातलपासून ग्रांफूपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर म्हणजे बहुतेक ठिकाणी नदीकाठच्या गोट्यांवरून काढलेली वाट. तिथे ताशी पंधरा मिळाले तरी खूप.

त्या वाटेला उजवीकडच्या डोंगरातून नाले येऊन मिळतात. पूल नाही. पाणी रस्त्यावरून वाहतं आणि डावीकडे चंद्रेत पडतं. या खोऱ्यात बर्फाला तोटा नाही, बडा शिग्रीसारखी हिमनदी इथलीच. पहाटे वरचं बर्फ गोठलेलं असतं, तेव्हा नाल्यात सर्वांत कमी पाणी. सूर्य वर आला की वितळायला सुरुवात होते, आणि ते पाणी घरंगळत खाली यायला काही तास जातात. म्हणजे सर्वांत जोराचा लोंढा दुपारच्या उन्हात येत नाही, ऊन कलल्यावर येतो. चार वाजता ‘आता ऊन उतरलं, पाणीही उतरेल’ असं मैदानातल्या माणसाला वाटतं. तिथे नेमकं उलट असतं. जूनअखेर तर हिवाळ्यातलं बर्फही शिल्लक असतं, त्यामुळे चढउतार आणखी मोठा.

हे सगळं लीडवाल्याला माहीत होतं. म्हणूनच आदल्या रात्री ठरलं होतं, साडेपाचला गाड्या सुरू.

सकाळ

निघालो सव्वानऊला. कारणं सांगण्यासारखी नाहीत, म्हणूनच सांगतो. डिझेल-पेट्रोल आदल्या संध्याकाळी भरायचं राहिलं. काझाचा पंप सुमारे ३,७४० मीटरवर आहे आणि जगातला सर्वांत उंचावरचा पंप म्हणून त्याची ओळख आहे, त्यामुळे तिथे फक्त तेल भरून कोण निघतो? फोटो झाले. मग कुणाला जर्दाळू घ्यायचे होते. मग चहा. ट्रिपचा शेवटचा दिवस असला की प्रत्येकाला पाय काढवत नाही, आणि प्रत्येकाची पाच-दहा मिनिटं मिळून पावणेचार तास होतात.

गाड्या सुटल्यावर वॉकीटॉकीवर हिशेब झाला. २०० किलोमीटर, सरासरी २५, म्हणजे आठ तास, सव्वापाचला मनाली. त्रैराशिक बरोबर, पण ते पूर्ण रस्ता एकसारखा धरून मांडलेलं. सकाळचे वेगाचे तास डांबरावर गेले आणि पाण्याचे तास नाल्यांवर येणार होते, हे त्यात कुठे बसतच नव्हतं.

टायरमधल्या हवेबद्दल एक बाजूची गोष्ट. पुण्यात ३२ पीएसआय भरलेली हवा, तापमान तेवढंच धरलं, तर काझात मीटरवर ३६ च्या आसपास दिसते, कारण बाहेरचा दाब उतरलेला असतो. आम्ही काझात २५ वर आणली होती. गोट्यांच्या रस्त्याला ते ठीकच, पण मनालीकडे उतरताना मीटर आणखी खाली जातो हे लक्षात ठेवून कॉम्प्रेसर हाताशी ठेवावा. आमचा डिकीत, बॅगांच्या तळाशी होता.

लोसर सव्वाअकरा, कुंझुम साडेबारा. देवीच्या मंदिराला गाडीसकट प्रदक्षिणा घालायचा तिथे रिवाज आहे, तो पाळला. चंद्रताल तलावाचा फाटा दिसला तेव्हा ‘एवढं आलोय तर’ निघालंच, पण लीडवाल्याने एका शब्दात मोडीत काढलं. बातल दीड.

बातल

ढाब्यावर राजमा-चावल सांगितला. वाढणाऱ्या माणसाने विचारलं, आज कुठपर्यंत? मनाली म्हटल्यावर त्याने आमच्या तिन्ही गाड्यांवर नजर फिरवली, मधलीवर जरा जास्त वेळ. म्हणाला, “अब तो पानी चढ़ गया होगा. यहीं रुक जाओ, सुबह पाँच बजे निकलो, जूते भी नहीं भीगेंगे.”

यापेक्षा स्वच्छ सल्ला मिळत नाही. वर्षानुवर्षं त्याच वाटेवरच्या गाड्यांना जेवू घालणारा माणूस तो, आणि आम्हाला थांबवून त्याच्या पदरात पडणार ते चार बिछान्यांचे पैसे.

डॉक्टर लगेच म्हणाला, “थांबू या.” लीडवाला म्हणाला, “अरे, तीन तासांत ग्रांफू. थांबलो तर यांचं विमान गेलंच समज.” जिम्नीवाल्याने मान डोलावली. मधल्या गाडीचा मालक म्हणाला, “मला काय, तुम्ही म्हणाल तसं.”

आणि ज्यांचं विमान होतं ते दोघं? ते ताटात बघत होते. एकदाही ‘चला’ म्हणाले नाहीत आणि ‘राहू द्या’ही म्हणाले नाहीत. आपल्यामुळे सगळे अडकायला नकोत म्हणून ते गप्प, आणि त्यांना बोलायला लागू नये म्हणून बाकीचे घाई करणारे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. त्या टेबलावर विमानाच्या वेळेची बाजू मांडणारा एकही माणूस विमानाने जाणार नव्हता.

माझ्या लेखी सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रसंग हाच. सकाळचा उशीर ढिसाळपणा होता आणि तो बातलला थांबून धुऊन निघाला असता. सव्वादोनला निघालो.

नाला

छोटा दडा नावाचं ठिकाण मागे पडलं. दोन लहान नाले सहज गेले, आणि त्यांनीच घात केला. ‘उगाच घाबरवतात लोक’ हे वाक्य वॉकीटॉकीवर ऐकू आलं. मोठ्या नाल्याशी पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. राखाडी, गढूळ पाणी. तळ दिसत नव्हता. आतून गोटे एकमेकांवर आपटल्याचा घुमणारा आवाज येत होता. वाहत्या पाण्याखाली दगड सरकत असले की तो येतो, आणि तो ऐकू आला की तासाभरापूर्वीची चाकोरी आता तिथे आहे असं धरू नये.

डॉक्टर चालत जाऊन बघू म्हणत होता. अनोळखी नाला आधी काठी टेकत पायाने पार करावा, मग गाडीने, हा साधा नियम आहे. लीडवाल्याने उशीर होतोय म्हणून तो सोडला आणि जीप लो रेंजला, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त ताकदीच्या गियरला टाकून थेट आत घातली. पाणी बंपरला लागलं, पुढे एक लाट उठली, त्याने ती लाट मोडू न देता एकाच चालीत गाडी पलीकडे नेली. चालवणं बघत राहावं असं होतं.

पण त्या सुंदर चालवण्यानेच चुकीचा पुरावा दिला. जीपची चाकं मोठी, चारही ओढणारी, जमिनीपासूनची उंची जास्त. तिला लागलेलं पाणी आणि मधल्या गाडीला लागणारं पाणी एकच नाही. मधली गाडी तिच्याच चाकोरीतून निघाली, तीन चतुर्थांश नाला पार झाली, आणि चढाला लागताना डावं पुढचं चाक पाण्याखालच्या एका गोल धोंड्यावर आदळलं. अशा वेळी नव्या चालवणाऱ्याचा पाय आपोआप क्लचवर जातो. गाडी थांबली. मग त्याने जोरात रेस दिली, चाकं जागच्या जागी फिरली, खालची वाळू निघून गेली आणि पुढचं अंग विताएवढं खाली बसलं.

वाहत्या पाण्यात उभ्या गाडीचं आणखी एक दुखणं असतं. काहीही न करतासुद्धा प्रवाह टायरभोवतीची वाळू कोरत राहतो. त्यामुळे तिथे ‘जरा विचार करू’ म्हणून वेळ काढणंही महागात पडतं.

लीडवाल्याने वॉकीटॉकीवर तीनच गोष्टी सांगितल्या: इंजिन चालू ठेव पण रेस देऊ नकोस, सगळ्यांनी पट्टे सोडा आणि काचा खाली घ्या, मी सांगेपर्यंत कुणी पाय बाहेर टाकायचा नाही. इंजिनाचं कारण असं, की हवा ओढायचं तोंड अजून पाण्याच्या बरंच वर होतं. ते बुडालं असतं तर उलट सांगावं लागलं असतं: बंद कर आणि पुन्हा चावी फिरवू नकोस. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. चावी फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेलं.

एवढ्यात जिम्नीच्या मागे बस येऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, काही न बोलता काठावर गेला आणि पाणी जिथवर पोचलं होतं तिथे एक पांढरा दगड ठेवला. परत येऊन बिडी पेटवली. बिडी संपवून, चौकशी करून तो पुन्हा काठाशी गेला तेव्हा दगडाचा वरचा टोकाचा भागच दिसत होता. “अभी और आएगा,” तो म्हणाला. कंडक्टर बसमधून पहार घेऊन आला.

लीडवाल्याकडे ताणला जाणारा रिकव्हरी रोप होता आणि त्याला एक झटका देऊन गाडी उपटायची होती. इथे डॉक्टर अडून बसला आणि तो बरोबर होता. मधल्या गाडीला पुढे आटे फिरवून बसवायचा टो हुक होता. तो सपाट रस्त्यावर बंद गाडी हळू ओढत न्यायला दिलेला असतो. चिखलात-वाळूत रुतलेल्या गाडीचा झटका त्यावर आला तर हुक तुटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि तो जाणार जीपच्या मागच्या काचेकडे. दोन्ही गाड्यांना चॅसीशी, म्हणजे खालच्या सांगाड्याशी, पक्के जोडलेले हुक असतील तरच झटक्याचा विचार करावा. इथे साधा, न ताणला जाणारा पट्टा लावून संथ ओढायचं ठरलं, पण आधी चाकापुढचा धोंडा काढायचा.

बसचा ड्रायव्हर आणि आमचा जिम्नीवाला पहार घेऊन उतरले. गुडघ्याच्या वर पाणी. अशा पाण्यात दोन मिनिटांत पायांना दगड लागतोय की नाही ते कळेनासं होतं, म्हणून पाळ्या लावल्या. प्रवाहाच्या वरच्या बाजूला दोघं हाताला धरून उभे, पडलेल्या माणसाला गाडीखाली ओढलं जाऊ नये यासाठी. चौथ्या पाळीला धोंडा हलला आणि डावीकडे लोळत गेला. चाकापुढच्या खड्ड्यात चपटे दगड भरले. जीपने लो रेंजच्या पहिल्या गियरमध्ये पट्टा हळूहळू ताणला, मधल्या गाडीने रेस न वाढवता पहिला टाकला, आणि गाडी म्हशीसारखी निथळत बाहेर आली. पावणेसहा.

जिम्नी, बस आणि मी अजून अलीकडेच होतो आणि पाणी आता आणखी वर. जिम्नीबद्दल लोकांना एक खात्री असते: हलकी गाडी, कुठूनही निघते. चिखलात आणि वाळूत ते खरं. पाण्यात तोच गुण अंगावर येतो. गाडीच्या तळाच्या वर दहा सेंटिमीटर पाणी चढलं तरी ते गाडीला चारेकशे किलोंनी वर उचलायला बघतं, आणि जिम्नीचं सगळं वजन बाराशेच्या आसपास. चाकं टेकलेली दिसतात, पण पकड राहत नाही. म्हणून या वेळी काठीने चाचपून जागा शोधली. रस्त्यापासून जरा खाली नाला पसरून दोन फाट्यांत वाहत होता. रुंद, म्हणून उथळ. बस रस्त्यावरून गेली, आम्ही त्या पसरट भागातून, लो रेंजच्या दुसऱ्या गियरमध्ये, मधे कुठेही गियर न बदलता. चार दहाला हेच दहा मिनिटं काढून केलं असतं तर मधली गाडीही इथूनच गेली असती.

छत्रू

साडेसहाला छत्रू. कागदावर अजूनही जमत होतं: ग्रांफू सतरा-अठरा किलोमीटर, मग कोकसर, मग ९.०२ किलोमीटरचा बोगदा, नऊ-साडेनऊला मनाली, रात्रभर गाडी हाणून पहाटे चंडीगड. बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला तेव्हापासून हा हिशेब लोकांना भुरळ घालतो. पूर्वी ३,९७८ मीटरच्या रोहतांगवर चढायचं म्हटलं की रात्रीचा विचारच होत नसे.

या वेळी डॉक्टरने मत विचारलं नाही. आमच्यातले दोघं कुडकुडत होते, मधल्या गाडीच्या मालकाचे हात स्टिअरिंगवरून काढल्यावरही थरथरत होते. “आता कुणी गाडी चालवणार नाही. मी सांगतोय,” एवढं बोलून त्याने तंबूंचे भाव विचारायला सुरुवात केली. आश्चर्य म्हणजे सगळ्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. विमानवाल्यांपैकी एकजण पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला.

फोनला रेंज नव्हती. बसच्या कंडक्टरला चिठ्ठीवर पुण्याचे दोन नंबर लिहून दिले. त्याने नेटवर्क मिळताच दोन्ही घरी फोन करून हिंदीत सांगितलं, की तुमची माणसं छत्रूत आहेत, जेवली आहेत, उद्या दुपारी मनालीत असतील. आम्ही तेव्हा अजून जेवलो नव्हतो. हे त्याने मनाने जोडलं.

दुसऱ्या दिवशी पाचला निघालो. पुढचे नाले घोट्याएवढे. बातलच्या माणसाने सांगितलं होतं तसेच.

मनालीनंतर

गॅरेजमध्ये मधल्या गाडीचा एअर फिल्टर उघडला, कोरडा होता. खालचं प्लास्टिकचं गार्ड गेलं होतं, गालिचे काढून वाळवावे लागले, आणि घरी आल्यावर डावं बेअरिंग आवाज करायला लागलं. खरं नुकसान निघालं लीडच्या जीपमध्ये, जी सगळ्यात देखणी पार झाली होती. मागच्या डिफरेन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरच्या डब्याचं, तेल पाणी शिरून दुधाळ झालं होतं. चालून तापलेलं डिफरेन्शियल एकदम बर्फाच्या पाण्यात घातलं, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या नळीतून) किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. नाल्यापाशी दहा मिनिटं गाडी थंड केली असती तर हे टळलं असतं. जिम्नी दीड तास काठावर उभी होती, तिचं तेल स्वच्छ निघालं. मधल्या गाडीची बोंब झाली म्हणून आम्ही तिन्ही गाड्या तपासल्या. नाहीतर जीप त्याच तेलावर पुण्यापर्यंत आली असती.

मग हिशेब. तेल, गार्ड, बेअरिंग ज्याचं त्याने, यावर वाद नव्हता. प्रश्न दोन नव्या तिकिटांचा होता, आणि आयत्या वेळी काढलेली तिकिटं स्वस्त नसतात. लीडवाल्याचं म्हणणं, विमान ज्याचं तिकीट त्याचं, ट्रिपचा त्याच्याशी संबंध नाही. डॉक्टरचं म्हणणं, शेवटच्या दिवसाला लागून विमान ठेवायचं हे सगळ्यांनी मिळून मंजूर केलं होतं, त्यामुळे तो ट्रिपचाच खर्च. जिम्नीवाल्याने मधला तोडगा काढला, निम्मे त्यांनी, निम्मे सगळ्यांनी. विमानवाल्यांपैकी एकजण लगेच पूर्ण पैसे द्यायला तयार झाला. दुसरा म्हणाला, “विमान माझं होतं, मान्य. पण बातलला ‘चला’ मी म्हटलं नव्हतं.”

त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी दोन्ही तिकिटं सातांत विभागली गेली. डॉक्टरने आपला वाटा भरला, आणि “थांबायचं म्हणणारा एकटा मीच होतो, हे लक्षात असू द्या,” असंही सोबत लिहून पाठवलं.